कारखानीस साहेबांचं परतीचं बटण

माउसला हात लावणाऱ्या माणसाकडे हेमचंद्र कारखानीस ज्या नजरेनं बघत, त्या नजरेनं लोक पंगतीत डाव्या हातानं भात कालवणाऱ्याकडे बघतात. तोंडानं काही बोलत नसत. खुर्ची जराशी मागे सरकवत, चष्मा कपाळावर चढवत आणि नाकातून हवा सोडत. मोरिवलीच्या बाजूला औषधाच्या बाटल्यांची रबरी बुचं बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या नियोजन विभागातली मोजकी माणसं त्या एका फुस्काऱ्याला मॅनेजरच्या मेमोपेक्षा जास्त घाबरत. नवीन माणूस रुजू झाला की साहेब पहिल्याच दिवशी त्याच्या टेबलावरचा माउस काढून घेत, वायर नीट गुंडाळत आणि स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकत. "दात आल्यावर बाटली सोडायची असते," असं वर ऐकवत.

हा अभिमान त्यांना कसा जडला ते विभागात कुणाला माहीत नव्हतं, आणि साहेब सांगतही नसत. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका फर्निचरच्या दुकानाच्या वर कॉम्प्युटरचा क्लास चाले. तिथले माउस चोरीला जात आणि पुढच्याच गल्लीत विकायला दिसत. वैतागून क्लासच्या सरांनी उरलेले सगळे माउस कपाटात घातले आणि कपाटाला कुलूप लावलं. कारखानीस तेव्हा ऐन तिशीत, स्टोअरमधले कारकून. फी भरलेली होती, तेव्हा बटणांवरच शिकले. पाठीला भोपळा न बांधता नाइलाजानं पोहायला शिकलेल्या माणसानं पुढे जन्मभर भोपळेवाल्यांना हसत सुटावं, तसं त्यांचं झालं. नाइलाजाला तत्त्व म्हणायला माणसाला फार वेळ लागत नाही. कारखानिसांना तर अजिबात लागला नाही.

बाकी माणूस व्यवस्थित. बदलापूर गावातून स्कूटरवर यायचे, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटच्या आत रुमाल. शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. डबा उघडल्यावर पहिल्यांदा भाजी कोणती ते जाहीर करत आणि मग ती जेवढी हवी तेवढी चांगली झालेली नाही हेही. कुणाच्या अध्यात ना मध्यात. कुणाच्या घरी दुखणंखुपणं झालं तर हॉस्पिटलमध्ये जाऊन कोपऱ्यात उभे राहून येत, आणि आल्यावर तिथल्या रिसेप्शनवरची मुलगी माउस किती हळू फिरवते ते सांगत.

त्यांचं सगळं वैभव होतं ते मोठ्या फाईलमध्ये. कारखान्यात तिला 'मोठी फाईल' एवढंच म्हणत. कोणत्या गिऱ्हाइकाला कोणती बुचं कधी हवीत, कोणतं मशीन मोकळं आहे, त्यासाठी किती रबर मागवायचं, हे सगळं तिच्यात. पहिल्या शीटवर ठळक आकडे असत. पण आकडा जिथं दिसतो तिथं तो जन्मलेला नसतो. तो दुसऱ्या शीटवरच्या एखाद्या सेलमधून आलेला, तो सेल तिसऱ्या शीटमधून, आणि तिथला आणखी कुठल्या तरी कोपऱ्यातून. एखादा आकडा विचित्र दिसला की त्याचं मूळ शोधत आत आत उतरावं लागे. साधी माणसं फॉर्म्युला वाचत, सेलचं नाव कागदाच्या कपट्यावर लिहून घेत, शीट शोधत, सरकत सरकत खाली जात आणि तिथं पोचेपर्यंत आपण कशासाठी आलो तेच विसरत.

साहेबांचं तसं नव्हतं. ते एफ-टू दाबून फॉर्म्युला उघडून बघत, एस्केप दाबून मिटत, आणि मग कंट्रोलबरोबर चौकोनी कंसाचं बटण दाबत. पडदा टुणकन उडी मारून ज्या सेलमधून आकडा आला त्या सेलवर जाई. पुन्हा दाबलं की आणखी एक पायरी आत. मूळ सापडलं की एफ-फाइव्ह. मघाशी आपण कुठं होतो त्या जागा यंत्र स्वतःच समोर मांडी, आणि त्यातली पहिली धरून एंटर दाबलं की साहेब पुन्हा पहिल्या शीटवर हजर. बघणाऱ्याला ती जादू वाटे. साहेबांनाही ती जादूच वाटे, आणि जादूगार आपण आहोत याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. जे काम दोन-तीन शीट्समध्ये मावलं असतं ते त्यांनी वर्षानुवर्षं इतक्या शीट्सवर पसरवलं होतं, की त्यांच्याशिवाय कुणी आत शिरलं तर हरवलंच पाहिजे. हे त्यांनी मुद्दाम केलं असं म्हणता येणार नाही. पण हरवलेल्यांनी हाक मारली की ते जितक्या लगबगीनं उठत, तितक्या लगबगीनं ते घरी दारावरची बेल वाजल्यावर कधी उठले नव्हते.

या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते, आणि त्याच विचारानं त्यांची झोप उडाली होती. दोन वर्षांची मुदतवाढ मिळावी म्हणून त्यांनी मॅनेजर समीरच्या कानावर घालून ठेवलं होतं. समीर शिकलेला, घाईतला, लॅपटॉपवर दोन बोटं घासत काम करणारा. साहेबांच्या मते तो बिचारा कणकेवरून हात फिरवत असल्यासारखा दिसे. पण मुदतवाढीची शिफारस त्याच्याच हातात होती, म्हणून त्याच्यासमोर साहेब नाकातून हवा सोडत नसत, आत ओढून धरत. समीरनं मान डोलावली आणि दुसऱ्याच महिन्यात करिष्माला त्यांच्या शेजारी आणून बसवलं. "सर, हिला मोठी फाईल शिकवून ठेवा," एवढंच म्हणाला.

करिष्मा भोईर मोरिवली गावातलीच. उल्हासनगरच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली, कॉन्ट्रॅक्टवर घेतलेली. कायम व्हायचं की जायचं, ते अजून ठरायचं होतं. पहिल्या दिवशी साहेबांनी रिवाजाप्रमाणे तिचा माउस उचलला.

"तो कुठं चालला?" तिनं विचारलं.

"इथं माउस चालत नाही."

"का, मांजर पाळलंय काय काका?"

"काका नाही. साहेब म्हणायचं. सर म्हटलं तरी चालेल."

"बरं काका."

विभागात कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. गावातल्या मुलांना घराशेजारी, बसल्या जागी नोकऱ्या मिळतात, म्हणून त्यांना कशाची किंमत नसते, असं ते भिंतीकडे बघत म्हणाले.

"बसल्या जागी कुठं काका, जागाच आमची होती," करिष्मा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आता तुमची कँटीन आहे ना, तिथं माझी आजी वाल लावायची. हां, शिकवा आता. कंट्रोल आणि काय म्हणालात?"

शिकवणं भाग होतं. साहेबांनी एफ-टू शिकवलं. एफ-फोर दाबून डॉलरची चिन्हं लावायची आणि सेल जागच्या जागी कसा खिळवायचा, तेही शिकवलं. कंट्रोल आणि चौकोनी कंस शिकवायला तर त्यांनी एक अख्खी दुपार घेतली आणि मध्येमध्ये माउसवाल्यांची नक्कलही करून दाखवली. पण परत यायचं कसं, ते त्यांनी शिकवलं नाही. प्रत्येक वर्गात असं एक मूल असतं, जे पाटीवर हात आडवा धरून गणित सोडवतं. गणित फार कठीण असतं असंही नाही, आणि पुष्कळदा चुकलेलंही असतं. पण हात आडवा असतोच. साहेब करिष्माच्या की-बोर्डपाशी वाकले की त्यांचा डावा हात असाच वरच्या बटणांवर आडवा यायचा आणि त्याखालून उजव्या हाताचं एक बोट एफ-फाइव्ह दाबून जायचं. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला असं करताना बघितलं की हसावं की रागवावं ते कळत नाही. रागवायला तो फार मोठा झालेला असतो, आणि हसून सोडून द्यायला गोष्ट फार लहान असते.

त्यांचा हिशोब सरळ होता. पोरगी आत जाईल आणि आतच अडकेल. अडकली की हाक मारील. ती हाक मारतेय तोवर कारखान्याला आपण लागणार.

आणि करिष्मा हाका मारायची. "काका, हरवले." दिवसातून निदान एकदा तरी. साहेब उठत, बाह्या सारख्या करत, तिच्या टेबलापाशी जात. "कुठं जाऊन बसलीस?" "काय माहीत काका, सगळे आकडे सारखेच दिसतात." साहेब एक सुस्कारा टाकत, हात आडवा धरत आणि तिला अलगद पहिल्या शीटवर आणून सोडत. मग चहा येईपर्यंत तिथंच उभे राहून आजकालच्या शिक्षणावर बोलत. ती ऐकून घ्यायची.

एका सोमवारी समीरनं दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "शुक्रवारी नरेंद्रशेठ येणार आहेत," तो म्हणाला. नरेंद्रशेठ म्हणजे कारखान्याचे सिंधी मालक, उल्हासनगरला राहणारे. "त्यांच्यासमोर करिष्मा मोठी फाईल चालवेल. एकटी. सर, तुम्ही फक्त बसायचं. तिला जमलं तर तिला कायम करू. नाही जमलं तर तुम्ही आहातच आणखी दोन वर्षं, आणि आपण दुसरा माणूस बघू." समीरनं हे इतक्या सरळपणे सांगितलं, की त्यात कुणाचं काय जाणार आहे ते त्याच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं. करिष्मा नुसती "हो सर" म्हणाली. साहेबही "हो" म्हणाले, आणि बाहेर येताना त्यांना चक्क शीळ घालावीशी वाटली.

त्या संध्याकाळी बदलापूर गावातल्या आपल्या घरी त्यांनी पत्नीला, उमाताईंना ही बातमी सांगितली. उमाताई गवार मोडत होत्या. नवरा घरी बसणार, या विचारानं त्यांचीही झोप गेली होती. पण त्यांची तयारी व्यवहारी होती. रोजची भाजी कोण आणणार, गॅसवाल्याला फोन कोण करणार, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. पुण्याच्या मुलानं, राजसनं, फोनवर आणखी मीठ चोळलं होतं. "बाबा, आता फॉर्म्युले मशीनलाच विचारतात," असं म्हणाला. "विचारायलाही अक्कल लागते," असं सांगून साहेबांनी फोन आईकडे दिला होता.

"मुदतवाढ मिळालीच म्हणून समज," साहेब म्हणाले.

"पत्र आलं?"

"पत्र कशाला? ती मुलगी शुक्रवारी अडकणार. तिला परत येता येत नाही."

"कुठून?"

"आतून. फाईलमधून."

"मग शिकवा की तिला."

साहेबांनी पंख्याकडे बघितलं. उमाताईंचा हात गवारीवर थांबला.

"म्हणजे पोरीला विहिरीत उतरवलंत आणि शिडी वर ओढून घेतलीत."

"ही टेक्निकल गोष्ट आहे. तुला नाही कळायची."

"शिडी कळते मला," उमाताई म्हणाल्या आणि पुढची शेंग मोडली. "तिच्या घरात कायम पगाराचं दुसरं कोण आहे?"

"मला काय माहीत."

"रोज शेजारी बसते ना?"

साहेब उठून गॅलरीत गेले. घरात आपलं एकही बटण चालत नाही, हे त्यांना लग्नानंतर लवकरच कळलं होतं. पण ते दर वेळी नव्यानं बोचायचं.

शुक्रवारी कॉन्फरन्स रूममध्ये पडद्यावर मोठी फाईल लागली. नरेंद्रशेठ पांढऱ्या सफारीत, समोर बिनसाखरेचा चहा. समीर त्यांच्या शेजारी. साहेब जरा बाजूला, पण की-बोर्डपर्यंत दोन ढांगांत पोचता येईल अशा खुर्चीवर. त्यांनी त्या दिवशी नवा शर्ट घातला होता आणि चष्म्याच्या काचा दोनदा पुसल्या होत्या. बोलावणं आलं की लगेच उठायचं नाही, जरा वेळ जाऊ द्यायचा, हेही त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

नरेंद्रशेठ थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बोट केलं. "ये अगले महिने का रबर देखो. इतना कायको चाहिए, बेटा? हम बुच बनाते हैं के टायर?"

"बघते शेठ," करिष्मा म्हणाली.

तिनं एफ-टू दाबलं, फॉर्म्युला वाचला, मिटला. कंट्रोल, कंस. दुसरं शीट. पुन्हा कंस, मशीनचं शीट. पुन्हा, गिऱ्हाइकांचं. साहेब तिच्या बोटांकडे बघत होते. बोटं बरी चालत होती. आपणच शिकवलेली बोटं, असा एक भलताच कौतुकाचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला आणि त्यांनी तो घाईनं हाकलला. करिष्मा आणखी एक पायरी उतरली आणि थांबली.

"सापडलं शेठ. इंदोरच्या पार्टीनं त्यांची जुनी ऑर्डर रद्द करून नवी दिली होती. नवी आपण धरली, पण जुनी काढलीच नाही. म्हणून रबर दोनदा मोजलं गेलंय."

"अच्छा," नरेंद्रशेठ म्हणाले. "तो निकालो उसको, और आगे वापस लेके चलो. देखें कितना होता है."

करिष्मानं जुनी ऑर्डर काढली. साहेब पुढे सरकले. घसा साफ केला. आता ती मान वळवणार, आता 'काका' म्हणणार. त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले.

करिष्मानं एफ-फाइव्ह दाबलं. आधीच्या जागांची ती ओळखीची चौकट पडद्यावर मांडली गेली. तिनं बाण खाली नेऊन सगळ्यात पहिली जागा धरली, एंटर दाबलं, आणि मोठी फाईल आपल्या पहिल्या शीटवर येऊन उभी राहिली. रबराचा आकडा आता शहाण्यासारखा दिसत होता.

साहेबांचे हात गुडघ्यांवरच राहिले.

"वा," नरेंद्रशेठ म्हणाले. "ये जाना-आना किसने सिखाया तेरे को?"

करिष्मानं मान वळवली, अगदी साहेबांनी कल्पना केली होती तशी. "कारखानीस साहेबांनी," ती म्हणाली. या कारखान्यात आल्यापासून तिनं त्यांना पहिल्यांदाच साहेब म्हटलं होतं.

आता सगळ्या माना कारखानिसांकडे वळल्या. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या, आणि दोन्ही त्यांना लख्ख दिसत होत्या. खरं बोलायचं, की परत यायचं मी हिला शिकवलं नाही, मुद्दाम लपवलं. मग या खोलीत तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. नाही तर मान डोलवायची. मान डोलवली की पोरगी तयार झाली, आणि पोरगी तयार झाली की मुदतवाढ गेली. तिसरी वाट शोधायला त्यांना जरासा वेळ मिळाला असता, तर त्यांनी ती शोधलीही असती. पण समोर शेठ कौतुकानं बघत होते, आणि हाती आलेलं कौतुक परत करणं कारखानिसांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. या माणसानं नोकरी हातची जाऊ दिली, वाहवा जाऊ दिली नाही.

त्यांनी मान डोलवली. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ते म्हणाले, "सुरुवातीला जड गेलं तिला. पण मी चिकाटी सोडली नाही."

"कमाल किया साईं," नरेंद्रशेठ उठून त्यांच्या खांद्यावर थाप मारत म्हणाले. "फिर तो टेन्शनच नाही. ये एक्स्टेन्शन-फेक्स्टेन्शन काय करायचं आता? जिंदगीभर काम केलंत. भाभी को लेके घूमो-फिरो." समीरनंही हात मिळवला आणि सरांसारखी ज्ञान वाटणारी माणसं आता राहिली नाहीत, असं काहीतरी बोलला. करिष्माचं कायम करण्याचं पत्र सोमवारी देऊ, हेही त्याच दमात सांगितलं. निरोप समारंभाचा हॉल कोणता घ्यायचा यावर बोलत ते दोघं बाहेर पडले.

विभागात परतल्यावर साहेबांनी आपल्या खुर्चीवर बसून चष्म्याच्या काचा पुन्हा पुसल्या. मग उठून करिष्माच्या टेबलापाशी गेले. या वेळी त्यांना कुणी हाक मारली नव्हती.

"एफ-फाइव्ह मी तुला शिकवलं नव्हतं."

"माहितीये."

"मग कुठून आलं?"

"मोबाईलवर बघितलं. पहिल्याच आठवड्यात. एक पोरगा हिंदीत सांगतो, सगळी बटणं. फुकट आहे काका." ती काम करता करताच बोलत होती. "कंट्रोल-जी दाबलं तरी तेच होतं म्हणाला."

कंट्रोल-जी कारखानिसांना माहीत नव्हतं. कॅम्प चारच्या क्लासमधल्या सरांनी ते शिकवलं नव्हतं, आणि पुढे कुणाला विचारायची वेळ त्यांनी स्वतःवर येऊ दिली नव्हती.

"आणि रोज हरवायचीस ती?"

"तुम्ही इथं येऊन उभे राहिलात की कँटीनवाला चहा इथंच आणायचा. तुम्हाला दिला की मलाही द्यायचा. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना जागेवर चहा नसतो काका." मग ती म्हणाली, "आणि तुम्हाला बरं वाटायचं. वाटायचं ना?"

साहेबांनी बाह्या सारख्या केल्या.

"शेठसमोर माझं नाव कशाला घेतलंस?"

"मग काय सांगू, मोबाईलवर बघितलं? म्हणाले असते, दिवसभर मोबाईलच बघते ही." आता तिनं वर बघितलं. "तुम्हाला नाही म्हणायचं होतं तर म्हणायचं होतं की. मान कशाला हलवलीत?"

शेजारच्या टेबलांवरची माणसं अचानक फार मन लावून काम करू लागली होती. साहेब वाकले, डावा हात त्यांनी पाठीमागे धरला आणि उजव्या हातानं कंट्रोल आणि जी दाबलं. तीच चौकट पडद्यावर आली. तेच ते. एंटर दाबल्यावर फाईल मुकाट्यानं मघाच्या जागेवर गेली.

ते सरळ झाले. चष्मा नाकावर नीट बसवला.

"दोन बोटं लागतात याला," ते म्हणाले. "एफ-फाइव्हला एकच पुरतं."

"हो काका," करिष्मा म्हणाली.